कमी ऐकणारी एरियल

शॉर्टवेव्हवर आता काही लागत नाही, असे म्हणणाऱ्याच्या तक्रारीत दोन वेगळी दुखणी एकत्र झालेली असतात. पहिले दुखणे सगळ्यांना ठाऊक आहे: केंद्रे कमी झाली. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्हवरचे प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले, मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचा आवाज अचानक थांबला. तरीही बीबीसीची इंग्रजी सेवा, चीन, तुर्कस्तान, रोमानिया, न्यूझीलंड अशी केंद्रे शॉर्टवेव्हवर बोलत राहिली आहेत आणि मीडियम वेव्हवर मुंबईची ५५८, पुण्याची ७९२, सांगलीची १२५१ किलोहर्ट्‌झ ही ठिकाणे जुन्या श्रोत्यांना आजही तोंडपाठ आहेत. दुसरे दुखणे घरातले आहे. रेडिओ चालू केला की स्टेशनाच्या आधी खरखर लागते. बारा मजली इमारतीतल्या फ्लॅटमध्ये ती इतकी दाट असते की शंभर किलोवॉटचे केंद्रसुद्धा तिच्या आड जाते.

या दुसऱ्या दुखण्यावर गेली काही वर्षे एक जुनाच उपाय नव्या जोमाने पुढे आला आहे: लूप अँटेना, म्हणजे तारेचे किंवा नळीचे बंद वेटोळे. बाल्कनीत मावणारे, हाताने फिरवता येणारे. बाजारात ते तयार मिळते, घरी करता येते, आणि त्याच्याबद्दल जेवढे खरे बोलले जाते तेवढेच अवास्तवही बोलले जाते. या प्रकाराचा एकत्रित विचार करावा, त्यातले पक्के काय आणि फुगवलेले काय हे वेगळे काढावे, यासाठी हा आढावा.

आधी पार्श्वभूमी. आपल्याकडे एरियलची कल्पना घडली ती रेडिओ सिलोनच्या काळात. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते शॉर्टवेव्हवरून कोलंबोकडे वळले. विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावा लागला. त्या वर्षांत माडीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीची एरियल, नाहीतर गच्चीवर बांबूला बांधलेली लांब तार, हे रेडिओ असलेल्या घराचे लक्षण होते. जितकी तार लांब आणि उंच तितके बरे, हा त्या काळचा नियम होता आणि तो बरोबरही होता. व्हॉल्वचा संच मुळात भरपूर सिग्नल मागायचा आणि घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे दिवे, पंखा, फार तर इस्त्री. हवेत गोंगाटच कमी होता.

आज दोन्ही बाजू उलटल्या आहेत. हातात मावणारा रेडिओ जुन्या संचापेक्षा कितीतरी संवेदनशील आहे. घरात मात्र एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, बीएलडीसी पंखा, इन्व्हर्टर, गच्चीवर सोलरचा संच, जिन्यात लिफ्टचा मोटर-नियंत्रक. या सगळ्यांच्या पोटात एकच युक्ती आहे: वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची आणि त्यातून हवा तो दाब मिळवायचा. प्रत्येक चालू-बंदीबरोबर त्या वारंवारतेच्या पटीतले तरंग निघतात. एखादा चार्जर ६५ किलोहर्ट्‌झवर चालत असेल तर त्याचे ठसे दर ६५ किलोहर्ट्‌झला, थेट शॉर्टवेव्हपर्यंत उमटत जातात. स्वस्त एलईडी दिव्यात हे तरंग अडवणारी गाळणीच बसवलेली नसते; मग घरातले वायरिंगच त्यांची एरियल बनते.

इथे रेडिओशास्त्रातला एक मुद्दा नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मीडियम वेव्हवर आणि शॉर्टवेव्हच्या खालच्या निम्म्या भागात बाहेरून येणारा गोंगाट रेडिओच्या स्वतःच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा फार मोठा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीत त्याचे आलेख आहेत: विजांचा गोंगाट, माणसांच्या वस्तीचा गोंगाट, आकाशगंगेचा गोंगाट. या पट्ट्यांत मोठी एरियल लावली तर स्टेशन वाढते आणि गोंगाटही तेवढाच वाढतो. लहान लावली तर दोन्ही तेवढेच घटतात. ऐकू येण्याची गुणवत्ता ठरते ती दोघांच्या गुणोत्तरावर. म्हणून शहरातल्या श्रोत्याने एरियलला विचारायचा प्रश्न ‘तू किती पकडतेस’ हा नव्हे. ‘तू काय सोडून देतेस’ हा आहे. लूपचे सगळे मोल या सोडून देण्यात आहे.

लूप नवा नाही. हाइनरिश हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहे इथे विद्युतचुंबकीय लहरी प्रथम पकडल्या त्या तांब्याच्या तारेच्या कड्यानेच. कड्यात बारीक फट ठेवलेली होती आणि लहर आली की त्या फटीत ठिणगी उडे. १९०७ मध्ये बेल्लिनी आणि तोसी यांनी काटकोनात उभ्या केलेल्या दोन वेटोळ्यांतून दिशा शोधण्याची पद्धत आणली. जहाजांना किनाऱ्यावरच्या केंद्रांची दिशा कळू लागली. १९२०च्या दशकात घरगुती संचावर लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार दिसू लागली. एडविन आर्मस्ट्राँगच्या सुपरहेटरोडाइन रचनेमुळे संच पुरेसे संवेदनशील झाले होते, त्यामुळे बाहेर तार न टाकता चौकटीवर भागत असे. पुढे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी फेराइट हा पदार्थ व्यवहारात आणला आणि ती चौकट आक्रसून बोटभर जाडीच्या काळ्या कांडीवर आली. ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात मीडियम वेव्हसाठी असते ती हीच कांडी. बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे समालोचन ऐकताना ज्यांनी ट्रान्झिस्टर टेबलावर थोडा-थोडा फिरवून आवाज स्वच्छ केला असेल, त्यांनी लूपची दिशा साधली होती.

दिशेचा हा गुणच पहिला आणि सर्वांत भरवशाचा. लूप उभा धरला तर त्याच्या प्रतलात, म्हणजे कडेच्या बाजूने येणारी लहर तो पूर्ण ताकदीने घेतो. तोंडावर समोरून येणारी लहर मात्र त्याला ऐकूच येत नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हा आकार. त्यातली गंमत अशी की ऐकण्याची बाजू ऐसपैस असते. सर्वोत्तम दिशेपासून लूप ६० अंश फिरवला तरी सिग्नल निम्म्यावर येतो, एवढेच. न ऐकण्याची बाजू मात्र सुरीच्या धारेसारखी असते. दोन-चार अंशांत आवाज खाली कोसळतो. म्हणून अनुभवी श्रोता लूप स्टेशनाकडे रोखत नाही. तो नको असलेला आवाज शून्य दिशेत टाकतो आणि स्टेशन जिथे पडेल तिथे पडू देतो. शेजारच्या इमारतीच्या लिफ्टचा घरघराट असो की त्याच ठिकाणावर येणारे दुसरे केंद्र असो, हे तंत्र चालते. रात्री मीडियम वेव्हवर याचा खरा उपयोग कळतो: दिवसा लहरी शोषून घेणारा आयनावरणाचा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो, दूरची केंद्रे उसळून वर येतात आणि एकेका ठिकाणावर दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळतात. कोकणपट्टीत आखाती देशांची आणि इराणची केंद्रे समुद्रावरून येतात, दक्षिणेकडून श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ८८२ किलोहर्ट्‌झ. लूप फिरवला की त्यातले एक मागे सरते, दुसरे पुढे येते.

पण शून्य दिशेची एक मर्यादा आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. शून्य तीक्ष्ण मिळते ते जमिनीलगत सरळ येणाऱ्या लहरीला. आयनावरणातून परावर्तित होऊन वरून उतरणारी लहर सतत कोन आणि ध्रुवीकरण बदलत असते; तिच्यासाठी शून्य पुसट होते, सरकते, कधी सापडतच नाही. याचे सर्वांत दुःखद उदाहरण २ जुलै १९३७चे आहे. पॅसिफिक महासागरात हाउलँड बेट शोधणाऱ्या वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या विमानावर दिशा शोधणारा लूप होता. बेटाजवळ उभ्या असलेल्या ‘इटास्का’ जहाजाचा सिग्नल तिला ७५०० किलोहर्ट्‌झवर ऐकू आला. पण किमान आवाजाची दिशा मिळत नाही, असे तिने कळवले. दिशाशोधनासाठी ती वारंवारता फारच वरची होती. विमान पुन्हा दिसले नाही. त्या शोकांतिकेची कारणे अनेक आहेत. मात्र लूपकडून शॉर्टवेव्हवर मीडियम वेव्हसारखी दिशेची अपेक्षा धरू नये, हे त्यातून स्पष्ट दिसते. शॉर्टवेव्हवर लूप फिरवायचा तो घरातल्या आणि शेजारच्या गोंगाटासाठी. तो जवळून, सरळ येतो, त्यामुळे त्याला शून्यात टाकता येते.

आता प्रकारांकडे वळू. माझ्या मते मीडियम वेव्हच्या श्रोत्यासाठी घरी केलेल्या चौकटीच्या लूपला आजही तोड नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. ८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या अधिक चिन्हासारख्या जोडल्या की ६० सेंटिमीटर बाजूचा चौरस मिळतो. टोकांना साडेपाच सेंटिमीटर रुंद आडव्या पट्ट्या लावून त्यांवर पाच-पाच मिलिमीटर अंतरावर खाचा करायच्या आणि साध्या वायरिंगच्या तारेचे १२ वेढे द्यायचे. २९ मीटर तार लागते. या गुंडाळीचे प्रेरकत्व साधारण २१० मायक्रोहेन्री भरते. तिच्या दोन टोकांना ५०० पिकोफॅरडचा गँग जोडला की खाली ५२० किलोहर्ट्‌झपर्यंत आणि वर १६०० च्या आसपास सगळा पट्टा येतो. वरचे टोक अपुरे राहिले तर एक वेढा कमी करायचा. गँग म्हणजे क्षमता बदलता येणारा कंडेन्सर, जुन्या संचातला, अॅल्युमिनियमच्या पात्यांचा, फिरवला की पाती एकमेकांत शिरणारा. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात किंवा एखाद्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या खणात तो मिळतो. हल्लीचा प्लॅस्टिकच्या डबीतला पीव्हीसी गँग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल, पण त्याची क्षमता बरीच कमी. तेव्हा त्याचे दोन्ही भाग समांतर जोडावे लागतात आणि वेढे वाढवावे लागतात.

या चौकटीला रेडिओशी जोडणारी तार लागत नाही. रेडिओवर एखादे मंद केंद्र लावायचे, रेडिओ चौकटीजवळ ठेवायचा आणि गँग सावकाश फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उसळतो, ठिकाण जुळले. लूपमध्ये घुमणारी ऊर्जा रेडिओतल्या फेराइट कांडीत आपोआप उतरते. हे किती उतरते याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ७९२ किलोहर्ट्‌झला तरंगलांबी ३७८ मीटर. तिच्यापुढे ६० सेंटिमीटरची चौकट नगण्य, तिची परिणामकारक उंची फक्त सात सेंटिमीटर. पण गुंडाळी आणि गँग जुळल्यावर तोच दाब क्यू नावाच्या गुणकाने वाढतो. नीट केलेल्या चौकटीचा क्यू १०० धरला तर सात सेंटिमीटरचे सात मीटर होतात, तेही एकही ट्रान्झिस्टर न वापरता, म्हणजे आपला स्वतःचा कसलाही गोंगाट न घालता. शिवाय बाकीची केंद्रे यात वाढत नाहीत, त्यामुळे स्वस्त रेडिओत जवळच्या बलाढ्य केंद्राची भुते इतर ठिकाणी कमी दिसतात. क्यू फार वाढवण्याचा मोह मात्र टाळावा: ५५८ किलोहर्ट्‌झवर तो २०० झाला तर पट्टा पावणेतीन किलोहर्ट्‌झचाच उरतो आणि निवेदकाचा आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. तेव्हा गँग किंचित बाजूला सरकवला की आवाज मोकळा होतो.

एक बारकावा. रेडिओ चौकटीजवळ कसाही ठेवून चालत नाही. आतली कांडी बहुतेक संचांत वरच्या कडेला आडवी असते; ती चौकटीच्या प्रतलाला काटकोनात, म्हणजे चौकटीतून आरपार जाणाऱ्या दिशेत हवी. ती चौकटीच्या पट्टीला समांतर ठेवली तर दोघांची गाठच पडत नाही आणि लूप काही करत नाही अशी समजूत होते. टेकसनचा एएन-२०० सारखा तयार गोल लूप याच तत्त्वावर चालतो. व्यास लहान असल्याने फायदाही बेताचा, पण आतल्या एकट्या कांडीपेक्षा निश्चित जास्त.

शॉर्टवेव्हवर वेढे उतरतात आणि एकच कडे पुरते. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे पाव इंची तांब्याची नळी वेटोळ्यात मिळते. तिचे एक मीटर व्यासाचे कडे केले तर प्रेरकत्व सव्वातीन मायक्रोहेन्रीच्या आसपास येते आणि त्याच ५०० पिकोफॅरडच्या गँगने साधारण ४ ते १७ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे ४९ मीटरपासून १९ मीटरपर्यंतचे महत्त्वाचे प्रसारणपट्टे हाती येतात. मोठ्या कड्याच्या आत, तळाशी, वीसेक सेंटिमीटर व्यासाचे छोटे कडे ठेवून त्यातून कोअॅक्स केबल रेडिओच्या बाहेरच्या अँटेनाच्या खाचेत न्यायची. ऐकायला हा लूप फार शांत आहे. त्याचा त्रास एकच: वारंवारता थोडी बदलली की गँग पुन्हा जुळवावा लागतो. एका ठिकाणी बसून एक कार्यक्रम ऐकणाऱ्याला हे अडत नाही. पट्टा चाळत नवी केंद्रे शोधणाऱ्याला मात्र हे जिकिरीचे होते.

अशांसाठी रुंद पट्ट्याचे सक्रिय लूप आले. इथली युक्ती सुंदर आहे. कड्यात निर्माण होणारा दाब वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो आणि कड्याचा स्वतःचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून दाबाऐवजी प्रवाह मोजला तर तो खालपासून वरपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. अत्यंत कमी प्रतिबाधेचा वर्धक थेट कड्याच्या टोकांना लावला की काहीही न जुळवता लाँगवेव्हपासून ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत सगळे खुले. ब्रिटनमधल्या वेलब्रुकच्या एएलए१५३० या एक मीटरच्या कड्याने या जातीचा दर्जा ठरवून दिला. सोनीचा एएन-एलपी१ प्रवासी श्रोत्यांसाठी होता, तो पट्टे निवडून जुळवावा लागे. आणि मग चीनमधून एमएलए-३० आला, मूळच्या किमतीच्या अंशात, आणि हा छंद परवडणारा झाला. त्याच्या वर्धकाला वेलब्रुकची सर येत नाही, तरी बाल्कनीच्या कठड्याबाहेर काठीवर लावल्यावर तो रेडिओच्या स्वतःच्या दांडीपेक्षा बरेच जास्त आणि बरेच स्वच्छ ऐकवतो. यूलूप नावाचा विनावर्धक लूपही लोकप्रिय आहे. तो अतिशय कमी अंतर्गत गोंगाटाच्या एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडून चालणाऱ्या, संचासाठी रचलेला आहे, साध्या पोर्टेबलला लावला तर निराशाच पदरी पडते.

सक्रिय लूपची दोन दुखणी ठळक आहेत. पहिले म्हणजे बलाढ्य केंद्राजवळ वर्धक भांबावतो. मालाडला आकाशवाणीच्या प्रक्षेपकांच्या परिसरात राहणाऱ्याला मीडियम वेव्हची केंद्रे शॉर्टवेव्हवर एकमेकांत मिसळलेली ऐकू आली तर दोष शॉर्टवेव्हचा नाही. वर्धक ताणला गेला आहे. तिथे मीडियम वेव्ह अडवणारी गाळणी लावावी किंवा जुळवायचा लूपच वापरावा. दुसरे दुखणे अगदी साधे आणि जवळजवळ सार्वत्रिक: वर्धकाला लागणारी वीज लोक मोबाइलच्या चार्जरमधून देतात. ज्या खरखरीतून सुटायचे तीच केबलमधून थेट अँटेनाच्या डोक्यात पोचवली जाते. पॉवर बँकवर चालवून पाहिले की फरक लगेच कळतो. मात्र काही पॉवर बँकांच्या आतही दाब वाढवणारे चालू-बंदीचे सर्किट असते, तेव्हा एक-दोन बदलून बघाव्यात.

आता फुगवलेल्या दाव्याकडे. ‘लूप फक्त चुंबकीय क्षेत्र ऐकतो, घरगुती गोंगाट विद्युत क्षेत्राचा असतो, म्हणून लूपला गोंगाट लागतच नाही’ हे वाक्य जाहिरातींत सर्रास दिसते. त्यात तथ्याचा अंश आहे. गोंगाटाच्या उगमाजवळ दोन्ही क्षेत्रांचे प्रमाण बिघडलेले असते आणि ते पुष्कळदा विद्युत क्षेत्राकडे झुकलेले असते. पण हे ‘जवळ’ किती? तरंगलांबी भागिले दोन पाय, साधारण तेवढेच. १ मेगाहर्ट्‌झला ते ४८ मीटर होते, म्हणजे अख्खी इमारत त्यात आली. १० मेगाहर्ट्‌झला जेमतेम पावणेपाच मीटर. त्यापलीकडे गोंगाट आणि स्टेशन दोन्ही एकाच प्रकारच्या लहरी असतात, कोणताही अँटेना त्यांना क्षेत्रावरून वेगळे करू शकत नाही. शिवाय वायरिंगमधून वाहणारा गोंगाटाचा प्रवाह चुंबकीय क्षेत्रही उभे करतोच. लूपला धातूचे कवच घातले की विद्युत क्षेत्र अडते, हाही असाच अर्धवट समज. वास्तविक त्या कवचाचा बाहेरचा पृष्ठभागच अँटेना म्हणून काम करतो आणि त्यातली फट योग्य मध्यावर असेल तर रचना समतोल होते. फायदा समतोलाचा आहे. समतोल लूप दोन्ही बाजूंनी सारखे पकडून नकोसे रद्द करतो. तो समतोल बिघडला की कवच असो-नसो, खरखर आत येते.

समतोल बिघडवणारा मुख्य अपराधी असतो कोअॅक्स केबल. तिच्या बाहेरच्या जाळीवरून घरातला गोंगाट सरपटत लूपपर्यंत जातो आणि तिथून सिग्नल म्हणून परत येतो. मग कडे कितीही चांगले असले तरी ऐकत असते ती केबल. तपासणी सोपी आहे: लूपची शून्य दिशा साफ मिळत नसेल, किंवा केबल हातात धरून हलवली की खरखर बदलत असेल, तर रोग केबलमध्ये आहे. मोठ्या फेराइट कड्यातून केबलचे आठ-दहा वेढे, एक कडे लूपजवळ आणि एक रेडिओजवळ, हा त्यावरचा खात्रीचा इलाज. लूप बदलण्याआधी हे करून पाहावे. मी पाहिलेल्या कित्येक ‘निकामी’ लूपना याच एका गोष्टीने जीव आला आहे.

लूपविरुद्ध एक बळकट पुरावा मांडला जातो आणि तो प्रामाणिकपणे पाहायला हवा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा, इंटरनेटवरून कोणालाही वापरता येणारा प्रसिद्ध रेडिओ संच लूपवर चालत नाही. तिथे आहे मिनी-व्हिप: तळहातापेक्षा लहान तांब्याचा पत्रा आणि मागे वर्धक, निव्वळ विद्युत क्षेत्र ऐकणारा. आणि तो उत्तम ऐकतो. कारण तो विद्यापीठाच्या इमारतीच्या छपरावर, गोंगाटाच्या ढगाबाहेर उभा आहे. तोच पत्रा आपल्या खोलीत टेबलावर ठेवला तर खरखरीखेरीज काही मिळणार नाही. म्हणजे जागा हा घटक अँटेनाच्या जातीपेक्षा मोठा आहे. ज्याला गच्ची मिळते आणि सोसायटी आडवी येत नाही त्याने काहीही लावले तरी चालेल. ज्याला मिळत नाही त्याला लूप लागतो, कारण गोंगाटाच्या आत राहूनही थोडी शांतता मिळवायचे साधन तेवढेच आहे.

आपल्या शहरी घरांत यावर आणखी एक बंधन येते. आरसीसी इमारतीचे लोखंड म्हणजे चारही बाजूंनी जाळी. मीडियम वेव्ह आत येता येता क्षीण होते. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला चिकटवलेला लूप तर त्या जाळीतच अडकतो. ग्रिलपासून लूपच्या व्यासाएवढे अंतर बाहेर काढता आले तर उत्तम, निदान हातभर तरी. उंचीची मात्र लूपला फारशी पर्वा नसते. आखूड तार जमिनीलगत निकामी होते, लूप दीड-दोन मीटरवरही आपले काम करतो. तळमजल्यावर मागे अंगण असेल तर घरापासून दूर, कुंपणाजवळ काठीवर उभा केलेला लूप सहाव्या मजल्याच्या ग्रिलमधल्या लूपपेक्षा सरस ठरतो.

गावाकडे मात्र चित्र वेगळे आहे आणि तिथे लूपची भलामण करण्यात अर्थ नाही. शेतात, वस्तीपासून दूर, वीस मीटरची तार दोन झाडांमध्ये बांधली आणि मध्ये नऊस एक प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर घातला तर शॉर्टवेव्हवर ती कुठल्याही बाल्कनी-लूपच्या पुढे जाते. शेकडो मीटर लांब जमीन मोकळी असेल तर हॅरॉल्ड बेव्हरेज यांनी १९२१ मध्ये एकस्वाधिकार घेतलेली, जमिनीलगत ताणलेली तार आजही मीडियम वेव्हच्या दूरश्रवणासाठी सर्वोच्च मानली जाते. मध्यम जागेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली के९एवाय रचना, म्हणजे एका खांबावर ताणलेले आणि एका बाजूला बहिरे केलेले मोठे वेटोळे, हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक मंडळी वापरतात. तिला मागच्या अंगणाएवढी जागा पुरते.

ऋतूचा हिशेबही ठेवावा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमू लागले की ४९ आणि ४१ मीटरवर विजांचा कडकडाट दिवसभर ऐकू येतो. वादळ एका दिशेला, बऱ्यापैकी जवळ असेल तर लूपचे तोंड तिकडे करून तो पुष्कळ कमी करता येतो. आभाळ चहूकडे भरले की कोणताही अँटेना हतबल असतो. आणि बाल्कनीबाहेर काठीवर धातूचे कडे असेल तर विजा चमकताना केबल रेडिओपासून काढून ठेवावी. मीडियम वेव्हची खरी मजा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या रात्रींत असते.

लूप विकत घेण्याआधी किंवा तार गुंडाळायला बसण्याआधी एक काम करावे, त्याला पैसे लागत नाहीत. बॅटरीवर चालणारा रेडिओ मीडियम वेव्हवर, जिथे केंद्र नाही अशा जागी लावायचा आणि घरातला मेन स्विच बंद करायचा. खरखर एकदम उतरली तर चोर घरात आहे. तशीच राहिली तर शेजारी, लिफ्ट किंवा रस्त्यावरची लाइन. चोर घरात असेल तर मेन चालू करून एकेक स्विच लावत जायचे आणि प्रत्येक वेळी ऐकायचे. पुष्कळदा एखादा दिवा किंवा एकच चार्जर निम्म्याहून अधिक गोंगाट करत असतो. रेडिओ त्याच्याजवळ नेला की आतली कांडीच तो कोणता हे सांगते: कांडी फिरवून आवाज बुडतो ती दिशा धरायची, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा एकदा दिशा घ्यायची, दोन रेषा छेदतात तिथे तो दिवा असतो. तो बदलला की आधी आतल्या कांडीवर काय काय लागते ते दोन-तीन रात्री ऐकावे आणि मगच किती मोठा लूप हवा ते ठरवावे.